जिद्दीच्या परीक्षेत नापास ठरलेल्या बायकांच्या वतीने

प्रति,
किनारपट्टीवरच्या बचतगटांच्या योजना आखणारे जिल्ह्यातले अधिकारी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या संस्था,

सप्रेम नमस्कार.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार वाडीत राहते. अकरा वर्षं आमच्या बचतगटाची सचिव आहे. गटात बारा बायका, सगळ्या सुक्या मासळीवर संसार चालवणाऱ्या. गावाचं आणि कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका टेबलावरच्या माणसाची बदली होते आणि विषय मिटतो. मला हा विषय मिटू द्यायचा नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक यादी लागली. मासळी सुकवायचे सिमेंटचे ओटे आणि बर्फाच्या पेट्या कोणत्या गटांना आधी मिळणार, त्याची यादी. आमचा गट खालून तिसरा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चिकाटी व आत्मविश्वास : असमाधानकारक’.

मी वाचत होते तेव्हा गटातली एक काकी माझ्या शेजारी उभी होती. साठीच्या पुढची आहे, वाचता येत नाही. तिने विचारलं, “काय लिवलंय गो आपल्याबद्दल?” मी म्हटलं, ओट्यांचं अजून काही ठरलेलं नाही. मी तिच्याशी खोटं बोलले. ज्या बाईने मला जवळा निवडायला शिकवला तिला हे वाक्य वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी तो फॉर्म कसा भरला गेला ते सांगते, कारण यादी त्याच्यावरून झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात समाजमंदिरात दोन दिवसांचं शिबिर झालं. प्रशिक्षक मुलं-मुली चांगली होती, प्रेमाने बोलत होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी वीस प्रश्नांचा कागद आला. ‘हाती घेतलेलं काम मी पूर्ण करते.’ ‘अपयशाने मी खचत नाही.’ ‘माझी ध्येयं दरवर्षी बदलतात.’ प्रत्येकापुढे ‘नेहमी’, ‘कधीकधी’, ‘कधीच नाही’ अशा चौकटी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवलं आणि त्या सांगतील तिथे खूण केली. हे गुण मोजून ओटे वाटले जाणार आहेत, हे त्या दिवशी कोणीही सांगितलं नाही. मला ठाऊक असतं तर मी फॉर्म भरूच दिले नसते.

आता जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, बंदर ओस. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेलं तांदूळ-मीठ-मिरची संपत आलेलं. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च नुकताच झालेला. मंगळसूत्राच्या वाट्या आणि कानातलं गहाण पडतं ते याच दिवसांत. वर्षातल्या सगळ्यात रित्या आठवड्यात तुम्ही आमच्या मनाचं वजन केलंत.

हे मी नुसतं भावनेने लिहीत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच माणसांची बुद्धीची आणि लक्ष देण्याची कसोटी दोनदा घेतली होती, एकदा तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. तोच शेतकरी आधी कमी पडला, नंतर बरा ठरला. माणूस तेच, पैशाची ओढ तेवढी कमी झाली होती. उधारीचा हिशोब सतत डोक्यात चालू असेल तर दुसऱ्या कशाला तिथे जागा राहत नाही, हे वाडीतली कुठलीही बाई सांगेल. हाच कागद तुम्ही नारळी पौर्णिमेनंतर महिनाभराने आणला असतात तर आमचे गुण वेगळे आले असते, याबद्दल मला शंका नाही.

दुसरी तक्रार त्या ध्येय बदलण्याच्या प्रश्नाची. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आमचे सगळ्यात जास्त गुण इथेच गेले.

आमच्या वाडीतली बाई वर्षभरात काय काय करते ते बघा. दिवाळीनंतर ऊन चांगलं पडायला लागलं की जवळा, बोंबील, बांगडा सुकवणं. मार्चपासून बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या भरणं, काजूच्या बिया गोळा करणं. मे महिन्यात आगोटीसाठी सुक्या मासळीचा बाजार. जूनमध्ये पाऊस लागला की भाताची लावणी, दुसऱ्याच्या शेतात गुडघाभर चिखलात. मासेमारी सुरू झाली की परत बंदर. मध्येच मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्या घरातली साफसफाई आणि गणपतीचं सारवण. तिला विचारलंत, तुमचं ध्येय दरवर्षी बदलतं का? तिने प्रामाणिकपणे सांगितलं, बदलतं. दरवर्षी कशाला, दर दोन महिन्यांनी बदलतं. तुमच्या कागदावर ती धरसोड ठरली. इथे ती अक्कल आहे. जी बाई एकाच धंद्याला चिकटून राहिली ती मे २०२१ मध्ये बुडाली. मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं, आणि आगोटीच्या बाजारासाठी वाळवून भरून ठेवलेला माल दोन रात्रींत कुजला. आंब्याच्या पेट्यांची मजुरी ज्यांच्या हातात होती त्यांच्या घरी चूल पेटली.

तुमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की ही प्रश्नावली अमेरिकेतल्या एका पद्धतीवर बेतलेली आहे. म्हणून मी तालुक्याच्या वाचनालयात आणि भाचीच्या फोनवर शोधून जमेल तेवढं वाचलं. मी मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रात बी.ए. केलं आहे, इंग्रजी सावकाश पण वाचता येतं. अँजेला डकवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशी मोजपट्टी मांडली. दीर्घ मुदतीच्या ध्येयासाठी नेटाने आणि ओढीने काम करत राहणं, असा त्यांचा जिद्दीचा अर्थ. पुढे २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांतल्या ६६,८०७ माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. नेटाने कष्ट करण्याचा यशाशी काही संबंध दिसतो, पण एकाच आवडीला वर्षानुवर्षं धरून राहण्याचा फारसा दिसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे ज्या प्रश्नांवर आमच्या बायका पडल्या, तेच प्रश्न तिकडेही कच्चे ठरले आहेत.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. स्वतः डकवर्थबाईंनी डेव्हिड येगर यांच्याबरोबर २०१५ मध्ये लेख लिहून अशा स्वतःच स्वतःला गुण देण्याच्या प्रश्नावल्यांच्या मर्यादा सांगितल्या, आणि पुढच्या वर्षी, शाळांना या गुणांवरून जोखू नका, असं जाहीरपणे लिहिलं. एक कारण त्यांनी दिलं ते मला आमच्या काकीवरून लगेच पटलं. माणूस स्वतःला कोणाशी तरी ताडून बघतो. ज्याची फूटपट्टी मोठी, तो स्वतःला कमी गुण देतो. ‘मी कष्टाळू आहे’ या वाक्यापुढे काकीने ‘कधीकधी’ सांगितलं. मी म्हटलं, काकी, अगो तू पहाटे तीनला उठतेस. तर म्हणाली, “माझी सासू दोनला उठायची.” मी ‘कधीकधी’वर खूण केली. तिचं उत्तर होतं ते.

ज्यांनी पट्टी बनवली त्याच सांगतात की हिच्या गुणांवरून शाळांना जोखू नका. मग आमच्या जिल्ह्यात ओटे कोणाला द्यायचे ते हिने कसं ठरलं?

आता माझ्या आईबद्दल. हे लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला, पण तुम्हीच तिला व्यासपीठावर नेलंत.

शिबिराच्या पहिल्या दिवशी ‘यशोगाथा’ म्हणून आईची गोष्ट सांगितली गेली. नवरा समुद्रात गेला तो आला नाही, तीन मुलं, डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला, हार मानली नाही, मुलीला पदवीधर केलं. टाळ्या झाल्या. वक्ते म्हणाले, या माऊलीकडे काय होतं? काहीच नव्हतं, फक्त जिद्द होती! आई मागच्या रांगेत खुर्चीत बसली होती. तिचा उजवा हात चार वर्षांपूर्वी लुळा पडला. तिला टाळ्या वाजवता येत नाहीत.

ती गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. मला पुरी सांगू द्या.

माझ्या लहानपणी आई दलालाकडून उचल घ्यायची. उचल म्हणजे हंगामाच्या आधी घेतलेले पैसे. ते घेतले की माल त्यालाच घालायचा, त्याच्याच भावाने, त्याच्याच काट्यावर. जवळा पुळणीवर पसरायची. ऊन चांगलं असलं तर दीड-दोन दिवसांत वाळतो, पण वाळू लागते. वाळूचा जवळा म्हणून दलाल भाव पाडायचा, आणि वर घट म्हणून वजनातही कापायचा. तेव्हाही आई पहाटे उठत होती, तेव्हाही उपाशी राहून काम करत होती. जिद्द तेव्हाही होती, अगदी तेवढीच होती. चौदा वर्षं ती तेवढीच जिद्द करत राहिली आणि चौदा वर्षं आम्ही पेजेवर होतो. व्यासपीठावरच्या गोष्टीत ही चौदा वर्षं एका वाक्यात संपली.

बदललं कशाने, ते मला तारीखवार सांगता येतं. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला ती कोळशाने रेघा ओढायची. एक रेघ म्हणजे एक पाटी माल. दलालाच्या वहीशी या रेघा कधी जुळायच्या नाहीत, आणि रेघांना पुरावा म्हणून कोण विचारणार? मी सहावीत असताना तिला आकडे शिकवले. एका पावसाळ्यात, बंदीच्या दिवसांत, चिमणीच्या उजेडात. पुढच्या हंगामात तिने पहिल्यांदा दारावर आकडा लिहिला, साडेअकरा किलो, आणि दलालाला तो तोंडावर सांगितला. त्याने वही दुरुस्त केली. त्या दिवशी घरी येऊन ती किती वेळ नुसती दाराकडे बघत बसली होती. अंगात आलेलं बळ म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. ते भाषणाने आलेलं नव्हतं, आकडे लिहिता आल्याने आलं होतं.

मग २००९ मध्ये गट झाला आणि गटाच्या अंतर्गत कर्जातून आठ हजार रुपये घेऊन तिने उचल फेडली. आता माल कुणालाही विकता येत होता. २०१२ मध्ये वाडीत एक छोटा ओटा झाला, दहा बाय बाराचा, पाळीने वापरायचा. वाळू लागायची थांबली. घाटावरचे व्यापारी स्वच्छ जवळ्याला वेगळा भाव देतात हे आम्हाला तेव्हा कळलं. या तीन गोष्टींनंतर तिच्या त्याच कष्टाला फळ यायला लागलं. ती दुपारची अर्धा तास आडवी व्हायला लागली. माझ्या दृष्टीने आमच्या घरातलं सुख त्या अर्ध्या तासापासून सुरू झालं.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. माणसाकडे वस्तू किती आहेत यापेक्षा त्या वस्तूंनिशी तो प्रत्यक्षात काय करू शकतो, कसं जगू शकतो, हे बघा, असा त्यांचा विचार आहे. एकच सायकल धडधाकट माणसाला लांब नेते आणि पाय नसलेल्याला नेत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला दारावरच्या रेघा आठवल्या. जिद्दीचंही तसंच आहे. रेघ ओढणारी जिद्द आणि आकडा लिहिणारी जिद्द एकाच बाईची होती, पण दलालापुढे एक चालली आणि एक चालली नाही.

आणि तो उजवा हात. उचल फिटली, ओटा आला, पण आईने पाटी सोडली नाही. धाकट्याचं शिक्षण, माझं लग्न, घराची कौलं. डोकं दुखायचं, चक्कर यायची, ती बाम लावून बाजाराला जायची. रक्तदाब कधी कोणी मोजला नाही. बाजाराच्या वाटेवर तिला झटका आला तेव्हा तिने पाटी आधी खाली ठेवली आणि मग बसली, असं सोबतच्या बायका सांगतात. शर्मन जेम्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये तिथल्या काळ्या पुरुषांमध्ये पाहिलं होतं की हाती शिक्षण कमी आणि तरीही सगळ्या अडचणींशी अंगाने झुंजत राहण्याचा स्वभाव, अशा माणसांचा रक्तदाब जास्त निघतो. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे तसंच दिसलं असं नाही. पण आमच्या घरात मला ते दिसलं. गरिबाच्या चिकाटीचं कौतुक करताना तिचं शरीर काय किंमत मोजतंय तेही बघा, एवढंच माझं म्हणणं आहे. वाडीतल्या चाळिशीपुढच्या किती बायकांचा रक्तदाब तपासलेला आहे, हा प्रश्न त्या वीस प्रश्नांत नव्हता.

शिबिरात महर्षी कर्व्यांचीही गोष्ट सांगितली. कोकणातल्या प्रत्येक शाळेत ती सांगतात आणि सांगितलीच पाहिजे. मुरूडचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा परीक्षेला बसायचं म्हणून भर पावसात, डोंगर चढून, पायी साताऱ्याला गेला. वक्ते इथे थांबले आणि एकदम भारतरत्नावर गेले. मधलं राहिलं. साताऱ्याला पोचल्यावर त्या मुलाला परीक्षेला बसू दिलं नाही. टेबलामागच्या माणसाला तो वयाने लहान दिसला. शंभर मैलांची पायपीट केलेला मुलगा चेहरा बघून परत पाठवला. कर्व्यांनी पुढे पुन्हा परीक्षा दिली, शिकले, १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ उभं केलं, हे त्यांचं मोठेपण. पण त्या दिवशी साताऱ्यात कमी काय पडलं होतं? त्या मुलाची चिकाटी तर नक्कीच नाही. तुमच्यासारख्या कारभार बघणाऱ्यांनी त्या गोष्टीतल्या मुलाऐवजी एकदा त्या टेबलाकडे बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण तुम्ही त्या बाजूला बसलेले आहात.

माझा गैरसमज करून घेऊ नका. मी चिकाटीच्या विरोधात नाही. माणसाच्या स्वतःच्या अंगच्या बळाने फरक पडतो, हे मी रोज बघते. आमच्या वाडीत दोन सख्ख्या जावा आहेत, एकच घर, एकच होडी, नवऱ्यांची दारूही सारखीच. थोरली हताश होऊन बसली. धाकटीने ‘आपल्याने होईल’ असं धरून ठेवलं, बँकेत जाऊन स्वतः सही करून खातं काढलं, आज तिची मुलगी नर्सिंगला आहे. हा फरक खरा आहे. पण धाकटी माहेरी आठवीपर्यंत शिकली होती, आणि थोरलीची दोन बाळंतपणं लागोपाठ झाली, अंगात रक्त नव्हतं. मनाचा धीर कुठून येतो आणि कशाने जातो, हे आत जाऊन बघितल्याशिवाय थोरलीला ‘असमाधानकारक’ म्हणता येणार नाही. तिला तर ओटा आधी हवा.

शिबिरं नकोत असंही मी म्हणत नाही. भारतासह सहा देशांत अतिगरीब कुटुंबांसोबत झालेल्या एका कामाचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. दहा हजारांवर कुटुंबं होती त्यात. त्यांतल्या काहींना शेळ्या किंवा गाय असं काही साधन दिलं, ते सांभाळायला शिकवलं, सुरुवातीचे महिने घरखर्चाला थोडा पैसा दिला, बचत करायला लावली आणि नियमित कोणीतरी घरी येऊन धीर देत राहिलं. काम संपून वर्ष झाल्यावरही त्या घरांचं खाणंपिणं, उत्पन्न बरं राहिलं होतं, मनाची स्थितीही. धीर देणं त्यात होतंच. पण शेळीच्या सोबत होतं. धीर आधी मोजून मग शेळी द्यायची, असं तिथे कोणी केलं नाही.

आणखी एक तक्रार, थोडक्यात. तौक्तेनंतर पंचनामे झाले तेव्हा होडी, जाळी, घर यांना रकाने होते. वाळवून ठेवलेल्या मासळीला रकाना नव्हता. आमच्या गटातल्या सात बायकांचा माल गेला आणि कागदावर कुणाचंच काही गेलं नाही. मासळीही आता पूर्वीसारखी लागत नाही. २०१९ मध्ये राज्याची समुद्री मासळी २ लाख १ हजार टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी, असं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेच सांगितलं. वादळं आणि खराब हवा हे त्यातलं मोठं कारण. समुद्र कमी देतोय, ऑक्टोबरातही पाऊस येतोय, पुळणीवर पसरलेला माल रात्री तीन वाजता ताडपत्री घेऊन झाकायला आम्ही धावतो. त्या धावण्याचे गुण कुठल्या चौकटीत बसतात?

आमच्या मागण्या अशा.

चिकाटीच्या गुणांवरून केलेली यादी रद्द करा, आणि ‘असमाधानकारक’ हा शेरा ज्या ज्या गटापुढे लिहिला आहे तिथून तो काढा. नुसती नवी यादी लावून भागणार नाही, जुनी चुकीची होती हे त्याच फळ्यावर लिहा. नवी यादी गरजेवरून करा. किती बायका, किती माल, आज कुठे वाळवतात, वाळू लागून भावात किती फटका बसतो, जवळात जवळ बर्फ किती लांब मिळतो. आम्हाला तो अठरा किलोमीटरवर मिळतो. हे सगळं मोजता येतं आणि एका दिवसात मोजून होतं, मी सोबत येते.

ओटे डिसेंबरच्या आत व्हायला हवेत. उन्हाचे दिवस डिसेंबर ते मे, नंतर झाला तर हे वर्ष गेलं. बर्फाची पेटी देताना बर्फ कुठून येणार याचीही सोय करा, नाहीतर तिच्यात आम्ही तांदूळ ठेवू.

प्रशिक्षण बंदीच्या दोन महिन्यांत ठेवा, पण त्या दिवसांची मजुरी द्या, कारण लावणीचा रोज सोडून बायका येतात. शिकवायचं तर काटा तपासायला शिकवा, वही लिहायला, बँकेचा अर्ज भरायला, माल स्वच्छ भरून त्यावर लेबल लावायला, अन्न सुरक्षेची नोंदणी करायला. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. आमच्या वाडीत मासळी सुकवणाऱ्या एकाही बाईकडे ते नाही. ते मिळवून देणारा माणूस दोन दिवस समाजमंदिरात बसला तर व्याजावर चाललेली घरं सुटतील.

पंचनाम्यात सुक्या मासळीचा रकाना घाला. गटाची वही पुरावा म्हणून धरा, आम्ही ती रोज लिहितो.

तीन महिन्यांतून एकदा बंदरावर रक्तदाब आणि रक्त तपासणीची सोय करा. सकाळी, लिलाव संपल्यावर. दवाखान्यात या म्हणाल तर कोणी येणार नाही, एक दिवस मोडतो.

आणि इथून पुढे आमच्याकडून कोणताही कागद भरून घेताना त्याचं काय करणार ते आधी, आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा.

या पत्राला लेखी उत्तर हवं आहे. ते येत्या ग्रामसभेत वाचून दाखवलं जावं, म्हणजे काकीला ते माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही. प्रत्यक्ष यायचं असेल तर मंगळवार सोडून कधीही या. मंगळवारी आमचा बाजार असतो. सकाळी आठच्या आत आलात तर आम्ही पुळणीवरच भेटू.

आपली,
एका बचतगटाची सचिव